मोरूच्या मचव्याची तिसरी कॅसेट

प्रिय आत्या,

काल तू जिंकलीस! हे तुला कळवल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून वार्षिक परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला आणि लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. ठाऊक कसलं, मीच ते एकदा पडवीभर बायकांसमोर ओरडून सांगितलं होतं. पण मस्कतहून आलेल्या कॅसेटवरची अरबी अक्षरं जी बाई घडाघडा वाचायची, तिला भाचीचं मराठी पत्र काय जड जाणार?

काल तुझं वर्षश्राद्ध होतं. मी मुक्ताला घेऊन आचोळ्याहून सकाळीच वटारला, माहेरी पोचले. दिनूने सगळं रीतसर केलं. माझ्या या धाकट्या भावाला एवढं जमेल असं तुला काही वाटलं नसतं. अळूची भाजी, वडे, खीर, सगळं वेळेवर. तुझ्या फोटोला घालायला शेजारची पार्वतीकाकी टोपलीभर मोगऱ्याच्या कळ्या घेऊन आली होती. हार झाला तरी निम्म्या कळ्या उरल्या, इतक्या आणल्या होत्या तिने.

जेवणं उरकली आणि पोरांनी दिनूच्या नव्या टीव्हीवर सिनेमा लावला. कुठला माहीत आहे? आपला! मोरूचा! म्हणजे त्याच मालिकेतला अगदी नवा भाग, मोरूच्या आजोबांच्या काळातला. सिनेमाचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तू ते कधी घेतलंच नाहीस. मग तीन वाजता वीज गेली, आणि पुढे जे झालं ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. मुक्ता म्हणते मी गोष्टी फार लांबवते. कुणावर गेले गं मी?

आठवतात ना आपल्या पडवीतल्या दुपारी? मी पाचवीत होते. सकाळी खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्याखाली असायच्या, दोन वाजता आजूबाजूच्या बायका जमायच्या आणि केळीच्या सोपट्याचा दोरा घेऊन गजरे करायला बसायच्या. पाचला टोपल्या स्टेशनवर जायच्या. नवऱ्यामागे माहेरी परत आलेली तू, सगळा धंदा तुझ्या नजरेखाली चालायचा. बाबांनी जुना व्हीसीआर विकत घेतला, त्यांच्या मस्कतच्या मित्राने दोन कॅसेटी दिल्या आणि तू म्हणालीस, लावा, हात चालतायत तोवर डोळ्यांना काम.

सिनेमा इंग्रजी, आणि खाली सरकणारी अक्षरं अरबी! आम्हा पोरांना काही कळेना, बायकांना तर त्याहून नाही. दहा मिनिटांत सगळ्या जांभया द्यायला लागल्या. तेव्हा तू गाठ मारता मारता, मानही फारशी वर न करता सुरू झालीस.

"हा मोरू. हा ताऱ्यांमधनं मचवा चालवतो. याच्या वाडीतलं बावखल सुकलंय, थेंबभर पानी नाय, म्हनून निघालाय."

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"खाली लिवलंय ना."

आणि मी विश्वास ठेवला! आम्ही सगळ्यांनीच ठेवला. बँकेच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या बाईला ती वळणावळणाची अक्षरं कशी येतील, हा प्रश्न कुणाच्या मनातसुद्धा आला नाही. त्या अक्षरांकडे तू डोळे बारीक करून असं काही बघायचीस की मला वाटायचं, मराठी सोपी म्हणून तू शिकली नसशील.

मग रोज दुपारी मोरू! कुरळ्या केसांचा तो गोरा हिरो मोरू, कारण तसले केस आपल्या गल्लीतल्या मोरेश्वरचे होते. त्याच्या मागावर असलेला तांब्याच्या मुखवट्याचा राजा, तो तांब्यातोंड्या. एक राणी होती, तिला तू नाव दिलंच नाहीस. राणीला नाव कशाला, म्हणालीस. तांब्यातोंड्याचं काळं जहाज एकेका ग्रहावर यायचं, खाली लांबच लांब नळी सोडायचं, आणि तू दात खाऊन म्हणायचीस, "आला मेला! पानी ओढायला आला." त्या वर्षांत आपल्याकडच्या विहिरींवर टँकर लागलेले असायचे, पूर्वेला इमारती उठत होत्या त्यांच्यासाठी. तुला ती नळी दुसरी कसली वाटणार?

आणि मधेच, "आवाज बारीक कर गं सुमे, ही मानसं मधेमधे बोलतात."

तुझी खरी करामत मला फार उशिरा कळली. काळं जहाज पडद्यावर आलं की तू ओरडायचीस, "आवळा!" राणीने म्हणे त्या नळीला फास टाकलाय आणि तो आवळायचाय. पंधरा जणींच्या पंधरा गाठी एकदम बसायच्या. आम्ही पोरंसुद्धा श्वास रोखून मुठी आवळायचो. त्या उन्हाळ्यात आपला एकही गजरा सैल म्हणून परत आला नाही.

पुढचं लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

मी नववीत गेले, चष्मा लागला, इंग्रजीच्या शिकवणीत पहिली आले आणि डोक्यात हवा गेली. त्याच सुट्टीत मस्कतहून तिसरी कॅसेट आली. मी ती आदल्या दिवशी गुपचूप दोनदा पाहिली, मांडीवर शब्दकोश घेऊन. दुसऱ्या दिवशी पडवी भरली. तिसरी कॅसेट म्हणून नेहमीपेक्षा चार बायका जास्तच होत्या. तू दोरा ओला केलास, पडद्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तर तांब्यातोंड्यानं सगळं पानी आता..."

"पाणी नाही ते!" मी म्हटलं. "खनिज आहे. त्याचं नाव मोरू नाही. आणि तू काही वाचत नाहीस आत्या, ती अरबी आहे. तुला तर मराठीसुद्धा वाचता येत नाही!"

तुझा दोरा तेवढा एकदा थांबला.

"बरं," तू म्हणालीस. "मग तूच सांग."

आणि मी सांगितलं की! काय सांगितलं! "आता सेनापती म्हणतोय की करार मोडला आहे. आता राणी म्हणतेय की सभेची परवानगी घ्यावी लागेल." एक शब्द इकडचा तिकडे नाही. अर्ध्या तासात पार्वतीकाकीला गाय आठवली, कुणाला दळण आठवलं, पोरं कैऱ्या पाडायला पळाली. मी एकटीच शेवटपर्यंत बोलत राहिले. त्या संध्याकाळी स्टेशनवरून दोन गजरे परत आले, सैल म्हणून.

माझ्या कानाखाली का नाही वाजवलीस गं? वाजवायला हवी होतीस! मी रडले असते, तू जवळ घेतलं असतंस आणि मामला तिथेच मिटला असता. त्याऐवजी तू मला रात्री दुधाचा पेला दिलास, नेहमीसारखा, आणि म्हणालीस, "चांगलं शिकलीस हो." त्या दिवसापासून माझ्यासमोर तू मोरूचं नाव काढलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, "आता तुमी शिकलेल्या." त्यात टोमणाही नसायचा, तेच तर वाईट होतं. तिसरा भाग तुझ्याकडून ऐकायचा राहिला तो राहिलाच. आणि माफी मागायचीही राहिली. दरवर्षी वाटायचं, या गणपतीत मागू, या मे महिन्यात मागू.

या सिनेमांशी माझं नातं काय, ते मलाच धड कळत नाही. कॉलेजात मी तिन्ही पुन्हा पाहिले, नीट, ओळीने, सगळं समजून. अगं, किती पोकळ गोष्ट! माणसं शाळेच्या गॅदरिंगमधल्यासारखी बोलतात. तांब्यातोंड्याला कसला राग आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. तिसऱ्या भागात मोरू त्याला मारतो, जहाजाचा स्फोट होतो, मोरू गादीवर बसतो आणि फटाके! एवढ्यासाठी तीन कॅसेटी? ज्या सुकलेल्या वाडीसाठी तो निघाला होता, तिचं पुढे काय झालं हे कुणी विचारतसुद्धा नाही. मग आठवायचं, ती वाडी सिनेमात नव्हतीच, ती तू घातली होतीस.

आणि तरीसुद्धा! वाळूवर दोन चंद्र उगवतात, ते संगीत सुरू होतं, लांबून एक इवलासा मचवा येताना दिसतो, आणि अजून माझ्या अंगावर काटा येतो. सिनेमाला नावं ठेवणारी पहिली मी, आणि नवा भाग आला की तिकिटांच्या रांगेत पहिलीही मीच. मला तो आवडतो म्हणून स्वतःचा राग येतो, आणि आवडत नाही असं म्हटलं की खोटं बोलल्यासारखं वाटतं. ज्या गोष्टीने मला तुझी पडवी दिली, तिच्याच खांद्यावर उभी राहून मी तुला खाली बघायला लावलं. असल्या सिनेमाचं काय करायचं माणसाने?

तुला थिएटरात नेलं होतं ते आठवतं? नव्या तीन भागांतला पहिला, हिंदीत केलेला. मी मनात ठरवून नेलं होतं. म्हटलं, अंधारात हळूच म्हणेन, आत्या, तू सांग ना. तू नवी साडी नेसलीस, मांडीवर पॉपकॉर्नचा पुडा धरून ताठ बसलीस आणि सबंध सिनेमा एक शब्द न बोलता पाहिलास. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा होता?

"चांगला हाय," तू म्हणालीस. "पन सगळं त्यांनीच सांगून टाकलं."

मी हसले. तेव्हा मागायला हवी होती माफी! रिक्षा आली आणि राहून गेली.

तर काल. तीन वाजता वीज गेली, आणि नेमकं मोरूच्या आजोबांचं जहाज खाली कोसळत असताना. पोरांनी एकच गिल्ला केला.

"मम्मी, आता क्लायमॅक्स होता यार!" मुक्ता ओरडली.

"साडेचारला येणार," दिनू म्हणाला. "टाइमटेबल आहे भारनियमनाचं."

एप्रिलची दुपार, पंखा बंद. मंडळी पडवीत येऊन बसली, पुठ्ठ्यांनी वारा घेऊ लागली. पार्वतीकाकीने उरलेल्या कळ्या मधे ओतल्या, दोरा काढला, आणि चार-पाच जुन्या बायकांचे हात आपोआप चालू झाले. मुक्ता मला चिकटली. "तू पाहिलाय ना? पुढे काय होतं सांग."

मी सांगायला लागले. बाई ना मी, इंग्रजी शिकवणारी! कोण कुणाचा आजोबा, कुठला करार, कुठली सभा, सगळं मुद्देसूद. पाच मिनिटांत दिनूचा धाकटा आडवा झाला. मुक्ताने जांभई दिली. आणि आत्या, मला तीच दुपार दिसली. तीच पडवी, त्याच जांभया, आणि अचूक सांगणारी तीच मी! मी मधेच थांबले.

"हे राहू दे," मी म्हटलं. "मोरूची गोष्ट सांगते. हा मोरू. हा ताऱ्यांमधून मचवा चालवतो. याच्या वाडीतलं बावखल सुकलंय."

"बावखल म्हणजे?"

"आपल्या वाडीत मागे आहे ना, गोड्या पाण्याचं तळं. तुझी आत्याआजी त्यातून मोगऱ्याला पाणी घालायची."

बस! आडवा झालेला उठून बसला. मी तुझ्यासारखी हातवारे करत होते. तांब्यातोंड्या आला, नळी सुटली, सोसायटीत एक दिवसाआड टँकर बघणाऱ्या माझ्या लेकीला ती नळी अजिबात समजावून सांगावी लागली नाही. तुझी वाक्यंच्या वाक्यं आठवत गेली. ही माणसं मधेमधे बोलतात, हेसुद्धा सांगितलं, पोरं खदखदून हसली. पहिली कॅसेट झाली, दुसरी झाली. तांब्यातोंड्याने सगळं पाणी जहाजात भरलं, राणी एकटी पडली, आणि मी गप्प झाले.

"पुढे?"

"पुढे नाही," मी म्हटलं. "तिसरा भाग आत्याने सांगितलाच नाही. मी सांगू दिला नाही." पोरांसमोर, पाहुण्यांसमोर, मला रडू आवरेना.

"कोन बोलला नाय सांगितला?"

पार्वतीकाकी! गजरा न सोडता, मान वर न करता.

"तू शिकवनीला, कॉलेजात जायचीस तवा सांगायची. दर उन्हाळ्यात. आमाला सगळ्यांना पाठ हाय."

बाजूच्या बायकांनी माना हलवल्या. सगळ्यांना ठाऊक, मलाच नाही! आत्या, हे काय गं? तू थांबली नव्हतीस तर! फक्त माझ्यासमोर थांबली होतीस. क्षणभर मला इतका राग आला तुझा! म्हटलं, एवढी शिक्षा? इतकी वर्षं?

मग काकी सांगायला लागली.

"तांब्यातोंड्यानं सगळं पानी जहाजात कोंडलं आनि तोटीला कुलूप घातलं. कुलपाखाली कायतरी लिवलेलं. मोरूला वाचता येईना, राणीला येईना. तिथं सगळेच अंगठेवाले. मंग एक पोरगी आली लांबच्या ताऱ्यावरनं. चष्मा, दोन वेण्या, कुनाचं ऐकायची नाय. आल्या आल्या सगळ्यांच्या चुका काढायला लागली."

पडवीत हशा पिकला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी काकीकडे.

"खालची अक्षरं तिला एकटीलाच येत व्हती. तिनं वाचलं. तांब्यातोंड्यानं लिवलेलं, 'हे पानी माजं.' ती बोलली, चूक! हे चूक लिवलंय! आनि लाल रेघ मारून खोडलं. खोडलं तशी तोटी सुटली! काळं जहाज हललं, नळी आली खाली लोंबत, राणीनं टाकला फास..."

काकीने दोरा वर धरला.

"आवळा!"

आणि आत्या, सगळ्या जणींचे हात एकदम ओढले गेले! मुक्ताच्या मुठी आवळल्या, दिनूच्या आवळल्या, माझ्याही. पानी बदाबदा खाली आलं, काकी म्हणाली, एकेक तारा भिजला आणि सगळ्यांत शेवटी आपलं बावखल काठोकाठ भरलं. गादीबिदीवर कुणी बसलं नाही. मोरू मचवा धुवायला गेला.

"मला का नाही सांगितलं काकी?" मी विचारलं.

"ती नको बोललेली. 'सुमीसमोर नको, ती चुका काढील,' बोलायची आनि हसायची. मी बोलले, मग तिला गोष्टीत कशाला घेतेस? तर बोलली, 'काढू दे चुका. तिचं कामच ते हाय. कोनीतरी काढायला पायजे.'"

मी काय करावं सांग? मी उठून तुझ्या फोटोसमोर गेले आणि मोठ्याने म्हटलं, "आत्या, चुकलं माझं." एवढंच. वीस-बावीस वर्षं तोंडातून निघत नव्हतं ते दोन शब्दांत झालं. मागे वळले तर दिनूसुद्धा नाक पुसत होता.

तेवढ्यात वीज आली. पंखा फिरला, टीव्ही लागला, दिनूने सिनेमा पुन्हा सुरू केला. कोसळणारं जहाज, धडाम्धुडूम, तेच आपलं जोरकस संगीत. मला वाटलं, संपली आपली गोष्ट, आता पोरं तिकडे पळणार. मुक्ता उठली, रिमोट हातात घेतला आणि आवाज पूर्ण बंद केला. चित्र चालूच ठेवलं. मग काकीकडे वळून म्हणाली,

"काकीआजी, आता तुम्ही सांगा ना. हे लोक मधेमधे बोलतात."

जिंकलीस की नाही? एवढी कोट्यवधींची जहाजं, एवढे स्फोट, आणि सगळे मुके होऊन तुझ्या पडवीत तुझ्या गोष्टीची वाट बघत उभे! मी इतकी हसले, इतकी रडले, की दिनूची बायको माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

आता ऐक. मोगरा आहे तोवर दर रविवारी मी मुक्ताला घेऊन वटारला येणार आहे. सोपट्याच्या दोऱ्याची गाठ मला आजवर बसत नाही, अभ्यासाच्या नावाखाली मी ती कधी शिकलेच नाही. ती काकीकडून शिकणार आहे. नवे तीन सिनेमे आवाज बंद करून लावणार आहे, आणि मोरूच्या आजोबांचं खरं काय झालं ते आपण सगळ्या मिळून ठरवू. चुका काढणं मात्र सोडणार नाही, ते काम तूच मला नेमून दिलं आहेस. फक्त लाल पेन कुठे चालवायचा ते आता मला कळलं आहे.

काल निघण्याआधी काकीशेजारी बसून मी केलेला गजरा घरी येईपर्यंत सैल पडला. पुढच्या वेळी आवळून बांधीन.

लांबच्या ताऱ्यावरची, चष्मेवाली,
तुझी सुमी